बसून करायचं काम

माझे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, टॉवर क्रेन चालवतात आणि मी खाली उभी राहून त्यांना कुठे वळायचं, किती सोडायचं ते सांगते. माणूस घरी बायकोचं ऐकतो आणि कामावर मेव्हणीचं, त्याला स्वतःचं असं डोकं उरलंच नाही, हा आमच्या मुकादमाचा आवडता विनोद आहे. मी भावजी म्हणते म्हणून सगळी साइटच त्यांना भावजी म्हणते. मुकादम वयाने त्यांच्या वडिलांच्या जागी शोभेल, तोही म्हणतो.

काम समजायला सोपं आहे. क्रेनच्या खांबाच्या टोकाला काचेची केबिन, तिथे भावजी. खाली मी, नारिंगी जॅकेट घालून, ठरलेल्या जागी, हातात वॉकीटॉकी. उचला, वळा, सोडा हे फक्त मी सांगायचं. ‘थांबा’ मात्र कोणीही सांगू शकतं. झाडू मारणाऱ्या बाईने दोन्ही हात आडवे पसरून हलवले तरी ऑपरेटरने आधी थांबायचं, का ते मग विचारायचं. आणि एकदा दिलेला थांबा उठवायचा तो परत मीच. हा नियम कोणी केला मला माहीत नाही, पण माझा फार जीव आहे त्याच्यावर. बाईने थांब म्हटल्याबरोबर जिथे थांबतात अशी दुसरी जागा मी तरी पाहिलेली नाही.

दुसरा एक नियम आहे, तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. केबिनमध्ये संडास नसतो. शिडी उतरायची, जाऊन यायचं, पुन्हा चढायचं, यात बराच वेळ जातो. तेवढा वेळ हूक नुसता लटकत राहतो, काँक्रीटची गाडी गेटात घरघरत राहते आणि खालची माणसं हातावर हात ठेवून उभी राहतात. म्हणून क्रेनवाले सकाळपासून पाण्याला शिवत नाहीत. चहा घेतला तर घोटभर, तोही चारचौघांत नाही म्हणवत नाही म्हणून. वर चढताना ज्याच्या हातात बाटली नाही तो पक्का ऑपरेटर, असं त्यांच्यात मानतात. मूर्खपणालाही कुठे कुठे मान असतो, तो असा.

अशा माणसाचं पोट तरी गुणी असावं. भावजींचं पोट लग्नाच्या आधीपासून लहरी. कधी दोन-तीन दिवस दगड, तर कधी सकाळपासून धावपळ. मुरडा आला की चेहरा पिठासारखा व्हायचा आणि संडासातून आले की पुन्हा हसतखेळत. त्यामुळे कोणालाच ते आजारपण वाटत नव्हतं, त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. त्यांनी ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं.

मागे एकदा ऐन कामात त्यांना उतरावं लागलं होतं. खांबाच्या आतल्या शिडीवरून माणूस उतरतो तेव्हा तो खालून पुरता दिसतो. सगळी साइट माना वर करून बघत होती. पायथ्याशी पोचल्यावर भावजी पळाले, म्हणजे अगदी पळाले, आणि मुकादम म्हणाला, “अर्जंट आहे.” लोक हसून हसून बेजार झाले. पुढे बरेच दिवस भावजींचं नावच अर्जंट पडलं होतं. वॉकीटॉकीवर कोणीतरी म्हणायचं, अर्जंट, गठ्ठा तयार आहे, आणि भावजीही हसून, आलो आलो म्हणायचे. मला त्या विनोदाचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर कामाच्या वेळात ते एकदाही उतरले नाहीत. कसं जमवलं म्हणाल, तर सकाळचं खाणं सोडलं. डबा न्यायचे तो संध्याकाळी खाली आल्यावर उघडायचे. गालफडं बसली, पँट कमरेवर राहीना, तेव्हा ताईने त्यांना जवळजवळ धरूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, रक्त जात नाही. आतडी धडधाकट आहेत पण चिडकी आहेत, जराशा कारणाने आकसतात, असं त्यांनी सांगितलं. रोगाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. ते ऐकून ताईला बरं वाटलं, कारण ज्याला नाव आहे त्याला औषधही असणार. औषध होतंच. मुरडा सैल करणारी गोळी, दिवसातून तीनदा, जेवणाच्या अर्धा तास आधी. त्याबरोबर त्यांनी बजावलंही होतं. या गोळीने तोंडाला कोरड पडते, घाम कमी येतो, तेव्हा पाणी भरपूर प्या आणि उकाड्यात जपा. डोळ्यांना अंधुक दिसलं किंवा गुंगी आली तर गाडी, यंत्र काही चालवू नका आणि मला येऊन सांगा. एखादी गोळी चुकली तर चुकू द्या, पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

मग त्यांनी विचारलं, काम काय करता. ताई तेव्हा तपासणीचे कागद आणायला खाली गेली होती. भावजी म्हणाले, “बसून काम आहे.”

खोटं नव्हतंच ते. दिवसभर बसूनच असतात. फक्त कुठे बसतात ते राहून गेलं. ते मुद्दामच राहून गेलं, कारण यंत्र हा शब्द त्यांनी नेमका ऐकला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं की कंपनी खाली उतरवणार, खाली उतरवलं की सळ्या मोजायला बसवणार आणि पुन्हा ती केबिन मिळेल की नाही याची काही शाश्वती नाही. भावजींना दुसरं काही येत नाही. म्हणजे येत असेल, पण त्यांना तसं वाटत नाही.

हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की गोळ्यांनी गुण आला आहे. चेहऱ्यावर तेज आलं. पहिले काही आठवडे थंडीचे होते, केबिन गार होती. सकाळची गोळी घरी, मग चार घास, दुपारची वर, संध्याकाळची परत घरी. ताई मला फोनवर सांगायची, आज दोन्ही वेळा जेवले, जसं काही घरात परीक्षेचा निकाल लागला होता. पाणी पिता ना, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, रात्री पितो की तांब्याभर. दिवसभराचं पाणी रात्री एकदम पिऊन हिशेब चुकता करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तसं म्हटलंही. ते हसले आणि बाटली न घेता चढले.

मग ऊन तापायला लागलं आणि वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा दिवस आला.

स्लॅबच्या दिवशी काम मधे सोडता येत नाही. काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की शेवटपर्यंत ओतायचं. त्या दिवशी भावजी सर्दीने नाक ओढत आले आणि काही न खाता चढले. जेवण नाही तर जेवणाआधीची गोळीही नाही, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता. उन्हं वर आल्यावर त्यांना मुरडा सुरू झाला. तेव्हा त्यांनी सकाळची राहिलेली आणि दुपारची अशा दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि कोरड्याच गिळल्या. बाटली नव्हतीच. काचेच्या केबिनमध्ये एक पंखा आहे, तो गरम हवा या अंगावरून त्या अंगावर ढकलतो.

मला पहिल्यांदा आवाजात फरक जाणवला. भावजी वॉकीटॉकीवर कमी बोलतात, ‘घेतलं’, ‘आलं’, एवढंच. पण ते स्पष्ट बोलतात. त्या दुपारी शब्द टाळ्याला चिकटल्यासारखे येत होते. मग मी ‘हळू’ म्हटल्यावर काँक्रीटची बादली जराशी पुढे जाऊन हळू झाली. कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण मी रोज त्यांचा हात बघते. आपल्या माणसाची पावलं जिन्यावर ओळखू येतात, तसा मला तो हूक ओळखू येतो. मी विचारलं, भावजी, बरं आहे ना? म्हणाले, हो. नवरे मंडळी ज्या सुरात हो म्हणतात, त्याच सुरात.

काँक्रीटच्या दोन फेऱ्यांच्या मधे सळ्यांचा एक गठ्ठा पलीकडच्या बाजूला न्यायचा होता. गठ्ठा उचलला, वर घेतला, आडवा फिरायला लागला. स्लॅबवर काँक्रीट पसरणारी माणसं होती, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, खाली माना घालून. मी त्यांना बाजूला काढलं आणि मोकळ्या पट्ट्यावरून गठ्ठा नेण्यासाठी हात दाखवला. हूक पट्ट्याकडे न जाता सरळ आला. मी पुन्हा हात दाखवला. तेव्हा वॉकीटॉकीवर भावजींचा आवाज आला.

“तू कुठे उभी आहेस?”

मी ठरलेल्या जागी, स्लॅबच्या कडेला उभी होते. नारिंगी जॅकेट घालून, भर उन्हात, त्यांच्या बरोबर समोर.

माझे हात आपोआप पसरले. दोन्ही हात आडवे केले आणि वॉकीटॉकीत म्हटलं, थांबा. मग लक्षात आलं की हातांचा उपयोग नाही, ते त्यांना दिसतच नाहीयेत. पण ऐकू येत होतं. गठ्ठा थांबला आणि जागच्या जागी झुलत राहिला. त्याच्या खाली कोणी नव्हतं. झुलत झुलत जिथवर जात होता तिथून मात्र माणसं फार लांब नव्हती.

मी सगळ्यांना स्लॅबवरून जिन्याकडे पिटाळलं. मग एकेक शब्द सांगून गठ्ठा फिरवला. थोडं डावीकडे. अजून. बस. आता सोडा, हळू. अजून हळू. आंधळ्या माणसाला हात धरून पायऱ्या उतरवाव्यात तसं चाललं होतं, फक्त माणसाच्या जागी टनभर लोखंड होतं. भावजींनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. एवढं मात्र त्यांचं खरं. गठ्ठा खाली मोकळ्या मातीवर टेकला, त्याला बांधलेले पट्टे सैल झाले, हूक सुटला.

मुकादम तणतणत आला. गाडी गेटात उभी आहे, काँक्रीट सुकायला लागेल, हा काय तमाशा, वगैरे. मी त्याला म्हटलं, मी थांबा दिलाय आणि तो उठवलेला नाही. तो म्हणाला, मग उठव. मी म्हटलं, नाही. मी भांडखोर आहे अशी माझी ख्याती आहेच, त्या दिवशी ती कामाला आली. त्याने हात झटकले आणि दुसऱ्या क्रेनकडे माणूस पिटाळला. दुसरी क्रेन लांबची होती, उशीर झाला, पण स्लॅब पडला. आम्ही दोघं नसतो तरी पडला असता. प्रत्येक माणसाने हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं.

भावजींना मी वॉकीटॉकीवर सांगितलं होतं की जागचे उठू नका. अंधुक दिसणाऱ्या माणसाने ती शिडी उतरायची म्हणजे जिवाशी खेळ. सुरक्षेचा पट्टा कमरेला लावून, पाण्याच्या बाटल्या पाठीला बांधून मीच चढले. मला उंचीची भीती वाटते. म्हणून तर मी खालचं काम घेतलं.

केबिनमध्ये भट्टी होती. भावजी खुर्चीत टेकून बसले होते, चेहरा लाल, आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. गळ्याखालची कातडी हाताला तापलेली लागली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडाकडे बघवत नव्हतं. मी सगळी दारं-खिडक्या उघडल्या, त्यांच्या मानेवर पाणी ओतलं आणि घोट घोट प्यायला लावलं. मग दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, सावलीत न्या, गार करत राहा, शुद्ध नीट नसेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि नीट असली तरी लगेच घेऊन या. शुद्ध होती. कपाळावर ओला रुमाल ठेवून मी त्यांच्यासमोर पुठ्ठा हलवत बसले. मला रडू येत होतं आणि त्यांना दोन लगावून द्याव्यात असंही वाटत होतं.

जरा वेळाने ते बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं आणि आपण बसून काम म्हणून कशी वेळ मारून नेली, ते सगळं सांगितलं. मी विचारलं, उतरायचं होतंत ना खाली. मुरडा आला तेव्हा सांगायचं होतंत.

“खालून सगळे बघतात गं,” ते म्हणाले. “वाट बघतात. मला इथून दिसतात माना वर केलेल्या.”

मी त्यांना अजून पाणी दिलं. दिसायला जरा बरं लागल्यावर खालून सुरक्षेची दोन माणसं दोर घेऊन आली. एक त्यांच्या वर, एक खाली, असं मधे धरून आम्ही त्यांना उतरवलं. खाली माना वर होत्याच. कोणी हसलं नाही, पण भावजींनी एकदाही समोर बघितलं नाही.

दवाखान्यात ताई आधीच येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी भावजींना गार खोलीत झोपवून सलाईन लावलं, लघवी होते का, छाती धडधडते का, सगळं बघितलं. संध्याकाळी ते उठून बसल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, काम काय करता. भावजींनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“क्रेन चालवतो,” ते म्हणाले. “बावीस मजले वर.”

बाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं की वर पाणी किती पिता, खाता कधी, आणखी कुठली गोळी घेता का. आणखी काही नाही, असं भावजी म्हणत होते तेवढ्यात ताई म्हणाली, सकाळी सर्दीची दिली होती मी, झोप येते ती. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. बाईंनी तिला समजावलं की तीही गोळी अशीच कोरडं करणारी आणि गुंगी आणणारी, दोन्हींची मिळून बेरीज होते, म्हणून घरातली साधी गोळीसुद्धा विचारूनच द्यायची. मग त्यांनी आधीची गोळी बंद केली आणि पोटापुरतीच काम करणारी दुसरी लिहून दिली. तीही आधी घरी बसून घेऊन बघायची, डोळे, झोप, पोट कसं राहतं ते सांगायला यायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. उपाशी ठेवून पोट सुधारत नाही, वेळेवर थोडं थोडं खा, पाणी दिवसभर प्या. रक्त गेलं, ताप आला, वजन पुन्हा उतरलं, तर वाट बघू नका. भावजी सगळ्याला मान हलवत होते. क्रेनवर चढायचं नाही म्हटलं तेव्हा तेवढी हलवली नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते साइटवर आले ते मुकादमाकडे. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नारिंगी जॅकेट होतं. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत खाली, गठ्ठे बांधायला, माझ्या हाताखाली. चिठ्ठीनंतर केबिन परत मिळेल का, याला मुकादम बघू म्हणाला होता. मुकादमाच्या बघूचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत आहे. भावजी जॅकेट घालत होते, त्याची चेन त्यांना लागत नव्हती. मी लावून दिली. मेव्हणीचं ऐकायचं तर धड खाली उभं राहून ऐकावं, असं मी म्हटलं.

त्याच सकाळी बदली ऑपरेटर आला. दुसऱ्या साइटवरचा, मुरलेला माणूस, केस पांढरे. सगळी माणसं चहाच्या टपरीपाशी उभी होती, मुकादमही होता. बदली ऑपरेटरने चहाला नको म्हणून हात केला, हातमोजे चढवले आणि रिकाम्या हाताने शिडीकडे निघाला. चाल अगदी ऐटीची. ती ऐट आमच्या ओळखीची होती.

भावजी टपरीपासून उठले. आपली पाण्याची बाटली त्यांनी उचलली, चालत जाऊन शिडीच्या पायथ्याशी त्याला गाठलं आणि ती त्याच्या हातात दिली. तो हसून परत करायला लागला. भावजींनी घेतली नाही.

“घेऊन जा,” ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “पी. आणि लागलं की सरळ उतर. आम्ही थांबतो.”

मुकादम कपात बघत होता. बदली ऑपरेटरने क्षणभर भावजींकडे पाहिलं, बाटली पट्ट्याला अडकवली आणि चढायला लागला.

मी माझ्या जागेवर गेले. भावजी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली.